विमलवहिनीची न झालेली सुनावणी

दादाचा फोन आला तेव्हा मी दर्यापूरच्या स्टँडवर काळीपिवळीवाल्याशी भांडत होते. जीप भरल्याशिवाय तो निघेना, आणि मला अमरावतीला वहिनीचं डायलिसिस सुरू व्हायच्या आत दवाखान्यात पोचायचं होतं. "अजून दोन सवाऱ्या येऊ द्या ना मॅडम, असे कायले तपून राहिल्या," असं तो मला समजावत होता. तेवढ्यात फोन वाजला. दादा म्हणाला, "मंदे, घाई करू नको. सावकाश ये." बस्स, एवढंच. उभ्या आयुष्यात दादानं मला सावकाश ये म्हटलेलं नाही. लहानपणापासून त्याचं एकच, चाल लवकर, आटप लवकर. त्यामुळे पुढचं काही विचारावं लागलं नाही. जीपवाल्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गुपचूप स्टार्टर मारला. मी म्हटलं, "भरू दे बाबा आता. आता कायची घाई." त्यानं ऐकलं नाही. तो सीटा रिकाम्या ठेवून निघाला, आणि वाटेत हात दाखवणाऱ्या कुणासाठीही थांबला नाही. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्या दिवशी मला भेटलेला तो सगळ्यात शहाणा माणूस होता.

माझ्या भावाची बायको, विमल तायडे, जाऊन आता दोन महिने होतील. अमरावतीला राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या दोन खोल्यांत ते नवराबायको राहत. मी पोचले तेव्हा खाली स्कूट्यांचा नेहमीचा गराडा होता. क्लासचे मास्तर वर येऊन विचारून गेले, आज बंद ठेवू का? दादा म्हणाला, "चालू द्या, तिले पोरायचा कालवा आवडे." वर बायका जमल्या होत्या आणि त्यातली प्रत्येक मला जवळ घेऊन म्हणत होती, सुटली बिचारी. तिसऱ्यांदा ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. कशातून सुटली? आजारातून सुटली असेल. पण जे तिला हवं होतं ते न मिळता जाणं याला सुटणं म्हणत असतील तर मला ती भाषा शिकवू नका, तीस वर्षं मराठी शिकवण्यात घालवली आहेत मी. तिला एकच गोष्ट हवी होती. अधिकाराच्या खुर्चीत बसलेल्या कुणीतरी तिला समोर बसवून विचारावं, बाई, तुमच्याशी काय झालं, आणि ती सांगेल ते तिच्यादेखत लिहून घ्यावं. बढती मिळो न मिळो. एवढ्या एका विचारण्यासाठी तिनं नोकरीची शेवटची सगळी वर्षं घातली, आणि ते तिला कुणी विचारलं नाही.

वहिनी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली. आम्ही बौद्ध. तिचे वडील दुसऱ्याच्या वावरात राबत, आई निंदणाला जाई. त्या घरातली पहिली मॅट्रिक ती, आणि पहिली सरकारी नोकरीही तिचीच. लग्न होऊन अकोल्याला आमच्या घरी आली तेव्हा मी बी.एड. करत होते आणि मला जरा जास्तच अक्कल होती. ती मला रीतीप्रमाणे "मंदाबाई, तुमी" म्हणायची. वर्षभरात ते "मंदे" वर आलं, कारण तिची नवीकोरी साडी न विचारता नेसून मी कॉलेजला गेले आणि तिनं संध्याकाळी अंगणात गाठून मला जे झापलं, त्यात "तुमी" टिकणं शक्यच नव्हतं. मग आमचं जमलं. दादा जिनिंगमध्ये फिटर. तो घरी आला की अंगावर सरकीचा कापूस आणि तोंडातून शब्द नाही. घरातलं सगळं बोलणं वहिनी करायची, आणि ते कसं, तर ऑफिसच्या भाषेत. "भाजी संपुष्टात आलेली असल्याने आज वरणावर भागवावे, ही विनम्र विनंती." दादा मान वर न करता म्हणायचा, "मंजूर." माझं लग्न ठरत नव्हतं त्या दिवसांत तर माझ्या स्थळांवर ती शेरे मारायची, 'तपासून पुनश्च सादर करावे'. आई हसून हसून खोकायला लागायची. ज्या भाषेचा तिनं आयुष्यभर असा खेळ केला, तीच भाषा पुढे... पण ते नंतर.

अकोल्याहून तिची बदली अमरावतीच्या कार्यालयात झाली. आधी काही वर्षं तिनं अप-डाऊन केलं, सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून ऑटोनं. डब्यातल्या अप-डाऊनवाल्या बायकांत ती इतकी रमली की राजापेठेत खोल्या घेतल्यावर महिनाभर तिला चुकल्यासारखं होत होतं. कुठलं कार्यालय ते मी लिहीत नाही. लिहून काही होणार नाही, आणि दादाचे पेन्शनचे कागद अजून तिथूनच यायचे आहेत. विभागीय परीक्षा तिनं पहिल्या फटक्यात काढलेली, सेवाज्येष्ठतेत नाव वर. तरी तिला बसवलं आवक-जावकच्या टेबलावर. म्हणजे आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलाकडे पाठवायचं. हे काम नवख्याला देतात. मुख्य लिपिकाची जागा रिकामी झाली तेव्हा कार्यभार तिच्या कितीतरी मागून लागलेल्या माणसाला दिला, तात्पुरता म्हणून. सरकारी खात्यात तात्पुरतं म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. ती साहेबांकडे विचारायला गेली तर साहेब हसत हसत म्हणाले, "बाई, तुमाले नोकरी कशी भेटली ते आमाले माईत हाय. आता वरची खुर्चीबी तशीच पायजे का?" खोलीत आणखी चार माणसं होती. तीही हसली. गोपनीय अहवालात त्या वर्षी तिच्या नावापुढे 'नेतृत्वगुणांचा अभाव' असा शेरा आला, आणि पुढच्या वर्षी तोच शेरा त्याच शब्दांत पुन्हा.

त्याहून तिला लागलेली गोष्ट वेगळीच होती. आमच्या भागात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या की ज्याच्या घरी बसतात तो सगळ्या ऑफिसाला जेवायला बोलावतो. आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या, पंगतीवर पंगती. त्या साहेबांच्या घरी सगळं ऑफिस दुपारी जेवायला गेलं. वहिनीच्या टेबलाशी येऊन साहेब म्हणाले, तुम्ही संध्याकाळी या, हळदीकुंकवाला. दुपारच्या पंगतीला सोवळं असतं म्हणे. ती म्हणाली, "संध्याकाळी आमच्याइथं पाव्हणे हायत, सर." पाहुणे कुठले, त्या दुपारी रिकाम्या ऑफिसात एकटी बसून तिनं फोन घेतले आणि टपालावर शिक्के मारले. हे तिनं मला किती तरी उशिरा सांगितलं, तेही भाजी निवडताना, मान खाली घालून. बढती नाकारली त्याचा तिला राग होता. या दुपारची तिला लाज वाटायची. लाज त्यांना वाटायला हवी होती, पण ती भलत्याच माणसाकडे जाऊन बसते.

दुसऱ्यांदा जागा निघाली, दुसऱ्यांदा तिला डावललं, तेव्हा तिनं लेखी तक्रार केली. जातीवरून भेदभाव होतो असं स्पष्ट लिहून. अशा तक्रारींसाठी खात्यात समिती असते. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. समितीच्या अध्यक्ष एक महिला अधिकारी होत्या, बाहेरच्या जिल्ह्यातल्या, आणि बऱ्या होत्या. त्यांनी वहिनीला जिन्यात थांबवून सांगितलं, मी कागद वाचलेत, पुढच्या महिन्यात तुमचं म्हणणं सविस्तर ऐकू. शेजारच्या टेबलावरच्या काळेबाईंनीसुद्धा, ज्या काही आमच्या जातीच्या नाहीत, साहेबांचं 'नोकरी कशी भेटली' ते बोलणं आपण दारातून ऐकलं असं लिहून दिलं. वहिनी त्या दिवशी घरी आली ती नाचतच. तिनं सुनावणीसाठी साडी काढून ठेवली. मला फोन करून म्हणाली, "मंदे, इचारणार हायत मले. आता पाय तू." तिच्या आवाजातला तो आनंद मला अजून ऐकू येतो. आणि आता त्याचाच मला राग येतो.

कारण मध्येच बातमी फुटली की त्या तात्पुरत्या माणसाची बढती कायम करायचे आदेश निघणार आहेत. अकोल्याचे एक वकील दादाच्या ओळखीचे होते. ते म्हणाले, समिती बढती थांबवू शकत नाही, स्थगिती द्यायची तर नागपूरचं न्यायाधिकरणच देईल. तिकडे जाऊ, समितीचं इकडे चालू राहील. त्यांची दानत चांगली होती, हे मी मुद्दाम लिहिते. पण नागपूरला जायचं ते वहिनीनं केवळ त्यांच्या सांगण्यावरून ठरवलं नाही. तिचं स्वतःचं एक गणित होतं, आणि ते सरकारी नोकरालाच सुचावं असं होतं. वरून विचारणा आली की खालची फाइल पळते, हे तिनं टपालाच्या टेबलावर बसून उभा जन्म पाहिलेलं. मंत्र्याचं पत्र आलं की धावपळ, विधानसभेचा प्रश्न आला की जेवणाची सुट्टी रद्द. तिला वाटलं, कोर्टाची नोटीस म्हणजे तर सगळ्यांच्या वरची विचारणा. ती आली की समिती घाबरून आठवड्यात सुनावणी घेईल. गाडीत बसल्याबसल्या ती मला म्हणाली, "पाह्यजो, नोटीस गेली का कसे गरागरा फिरतात ते." मी तिच्यासोबत नागपूरला गेले होते. काळ्या कोटांच्या गर्दीत आमचं नाव पुकारलं गेलं, काही मिनिटांत सगळं आटोपलं. स्थगिती मिळाली नाही. समोरच्यांना नोटीस निघाली. परत येताना तिनं बडनेरा स्टेशनवर मला आलूबोंडा खाऊ घातला आणि स्वतः दोन खाल्ले.

मग नोटीस पोचली, आणि पोचल्यावर काही दिवसांनी नेहमीच्या टपालात एक लिफाफा वहिनीच्या टेबलावर आला. ही हकीकत तिनं मला राजापेठेच्या स्वयंपाकघरात भाकर थापता थापता सांगितली. "मी फोडला, शिक्का मारला, नंबर टाकला. अन् कोणाकडं पाठवाचा म्हणून पाह्यते, तं नाव माहंच!" ती हसत होती. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यानं तुमची तक्रार नस्तीबद्ध करण्यात येत आहे, असं त्यात होतं. सोप्या मराठीत सांगायचं तर, तुम्ही कोर्टात गेलात, आता आम्ही ऐकणार नाही, फाइल बंद. अध्यक्षबाईंची तोवर बदली झाली होती; पत्रावर सही दुसऱ्याच कुणाची. मी विचारलं, "मग काय केलंस?" ती म्हणाली, "काय करणार? आवकमदी चढवलं अन् मलेच मार्क केलं." तव्यावरची भाकर करपली. तिच्या हातची भाकर करपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तिच्या चुकीचा अर्थ आम्हाला हळूहळू कळत गेला. मंत्र्याचं पत्र फाइल पळवतं, कोर्टाचं पत्र फाइल गोठवतं. जे लिहाल ते उद्या कोर्टात दाखवतील, म्हणून कुणी काही लिहीत नाही, कुणी सही करत नाही. त्यांच्या ऑफिसात कोर्टातल्या प्रकरणांसाठी मागच्या खोलीत वेगळं कपाट होतं, त्याला सगळे 'फ्रिज' म्हणत. इतके दिवस तीही म्हणायची. आता तिचंच प्रकरण फ्रिजमध्ये गेलं, आणि मग हळूहळू तीही. चहाला हाक मारणं थांबलं. तिच्यासमोर माणसं जपून बोलू लागली, ती खोलीत आली की विषय बदलू लागला. काळेबाई एक दिवस जिन्यात तिचा हात धरून म्हणाल्या, "विमलताई, राग धरू नका. आता कोर्टात हाय ना, मले बोलता येत नाई वो." त्यांना कुणी दम दिला होता का, ते मला ठाऊक नाही. दम द्यायची गरजही नव्हती. तो एक शब्द पुरेसा होता. वहिनी म्हणायची, "मंदे, माह्या कपाळावरच शिक्का मारला यायनं, न्यायप्रविष्ट." यावरही ती हसायची, पण आता दादाला त्यात हसू येत नसे. तो उठून बाहेर जायचा.

तारखा पडत राहिल्या. सरकारी वकील बदलले, उत्तरासाठी मुदती मागितल्या गेल्या, साहेब शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. त्या निरोप समारंभाची पत्रिका वहिनीनंच जावकला चढवली. शेवटी निकाल लागला. काय, तर अर्जदारानं आधी खात्यातला मार्ग पूर्ण वापरायला हवा होता. समितीनं तक्रारीवर निर्णय दिलेला नाही, तेव्हा तिथे दाद मागावी. वकील म्हणाले, हरलो नाही, वाट मोकळी झाली. वहिनीनं शिरा केला. दुसऱ्याच दिवशी तिनं समितीकडे अर्ज टाकला, आता कोर्टानंच सांगितलंय, माझी सुनावणी घ्या. त्यावर उत्तर आलं, तेही तिच्याच टेबलावर. मूळ तक्रार यापूर्वीच नस्तीबद्ध झाली आहे, ती पुन्हा उघडण्याची तरतूद नाही. नवी तक्रार करायची तर घटनेपासूनची मुदत उलटून गेली आहे. मी ते पत्र हातात घेऊन ओरडत होते, की यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि तरी हे सगळं मिळून केवढी मोठी लबाडी आहे! वहिनी शांत होती. "सोपं हाय वं," ती म्हणाली. "कोर्ट म्हंते, हाफिसात जा. हाफिस म्हंते, कोर्टात गेल्ती ना, मंग इथं कायले आली? दोन्ही दारं उघडीच हायत. फक्त एकात गेलं की दुसरं लागते." वकिलांनी त्या उत्तराविरुद्ध पुन्हा अर्ज केला. म्हणजे प्रकरण पुन्हा न्यायप्रविष्ट. पुन्हा फ्रिज.

यानंतर आजार आला. साखर होतीच, त्यात रक्तदाब, मग मूत्रपिंडं गेली. डॉक्टर काही म्हणोत, मला त्याचं कारण ठाऊक आहे, आणि ते कुठल्याच रिपोर्टात येणार नाही. आठवड्यातून दोनदा मशीनला लावायचे. उरलेल्या दिवशी ती ऑफिसला जायची. दादानं स्वेच्छानिवृत्तीचं काढलं तर त्याच्यावर खेकसली, "तारीख पडली अन् मी घरी असली तं?" निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. नोकरीत असताना आपल्याला समितीच्या त्या खोलीत बोलावलं जावं, एवढाच तिचा हट्ट उरला होता.

एका दुपारी मी दवाखान्यात तिच्याजवळ बसले होते. मशीन गुरगुरत होतं. ती एकाएकी म्हणाली, "मंदे, तू समितीची अध्यक्ष होय. इचार मले." मला वाटलं, हिचा जुना खेळ. मी चष्मा नाकावर घेतला, पाठ ताठ केली आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "श्रीमती तायडे, आपलं काय म्हणणं आहे?" तिनं मोकळ्या हातानं पदर सारखा केला. घसा खाकरला. आणि म्हणाली, "अर्जदार ही सदर कार्यालयात कार्यरत असून, प्रतिवादी क्रमांक दोन यांनी अर्जदारास सेवाज्येष्ठता असूनही..." मी थांबवलं. म्हटलं, "वहिनी, अर्जदार कोण? तू सांग ना. साहेब काय बोलला ते सांग. महालक्ष्म्यांचं सांग."

"ते वकिलायनं काढून टाकलं ना. पिटिशनमदी बसत नाई म्हणे."

"मी काय वकील आहे? मला सांग."

तिनं तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "नाई येत वं आता. इतक्या खेपा वाचलं ते, का आता तेच आठवते. माह्यं मले आठवतच नाई..." मी उठून बाहेर गेले आणि संडासाच्या दाराला डोकं टेकून रडले. बढती गेली, वर्षं गेली, शरीर गेलं, त्याचं दुःख होतंच. पण तिच्यावर झालेला अन्यायसुद्धा तिचा राहिला नव्हता. तो तिच्याकडून घेऊन, धुऊन, इस्त्री करून, परिच्छेदांना आकडे घालून कुणीतरी ठेवून दिला होता, आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते ऐकणं काही झालं नव्हतं. आता उद्या समितीनं बोलावलं असतं तरी ती काय बोलली असती, हे मला माहीत नाही. त्यानंतर आम्ही तो खेळ पुन्हा खेळलो नाही. आणि मग ती गेलीच.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वकील आले होते. मी त्यांना विचारलं, आता केसचं काय? त्यांनी हातातल्या रुमालाची घडी केली. मग म्हणाले, पेन्शनसारखं काही असतं तर वारसांना पुढे चालवता आलं असतं. पण 'माझं म्हणणं ऐका' ही मागणी ज्याची त्याचीच असते, ती त्याच्याबरोबर जाते. मला काही जण म्हणतात, यातून इतरांनी धडा घ्यावा असं काही लिही. कुठला धडा? समितीवर विसंबून बसली असती तर आदेश निघून गेले असते, आणि मग समिती म्हणाली असती, आता काय उपयोग. कोर्टात गेली तर हे झालं. मी रात्रंदिवस उलटसुलट करून पाहिलं, तिनं काय करायला हवं होतं ते मला सापडत नाही. कुणाला सापडलं तर कृपया मला सांगू नका. आता ऐकून मी काय करू?

मागच्या आठवड्यात कुटुंब निवृत्तिवेतनाच्या सह्यांसाठी दादाला घेऊन मी त्या ऑफिसात गेले. आवक-जावकच्या टेबलावर एक नवी मुलगी बसली होती. तिनं उठून आम्हाला खुर्ची दिली. काळेबाई धावत आल्या, दादाच्या पाया पडल्या, खूप रडल्या. त्यांच्यावर रागवायचं मी वाटेत ठरवलं होतं, ते जमलं नाही. काम झालं. निघताना दादा, जो तिथे आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, त्यांना म्हणाला, "बाई, ते समितीची खोली कुठं हाय? मले पाहू द्या." काळेबाईंनी आजूबाजूला पाहिलं, मग किल्ली आणली. जिना चढून आम्ही वर गेलो. फार दिवसांत कुणी उघडली नसावी. हिरवं कापड घातलेलं लांब टेबल, पलीकडे उंच पाठीच्या खुर्च्या, भिंतीशी जुने मॉनिटर रचून ठेवलेले, आणि टेबलाच्या अलीकडे एकच साधी खुर्ची. दादानं ती हातानं पुसली आणि तिच्यावर बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवून. काळेबाई दारातच थांबल्या होत्या, बाहेर कुणी येतंय का बघत. मी टेबलापलीकडे गेले नाही. माझी हिंमत झाली नाही.

दादा मान वर करून छताकडे पाहत होता.

"ती मले नेहमी इचारे," तो म्हणाला, "तिथं पंखा असन का वो म्हणून. पंख्याच्या आवाजात माह्यं बोलणं त्यायले ऐकू जाईन का, याचा तिले लय घोर होता."

मीही वर पाहिलं. छताला नुसता हूक होता. काळेबाई हळूच म्हणाल्या, इथं पंखा कधी लावलाच नाही.

दादानं मांडीवरचे हात उचलून टेबलाच्या हिरव्या कापडावर ठेवले.

"मंग तं ऐकू गेलं असतं वं, मंदे."